चढणीचे दिवस

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून पडला की कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मासे रानात येतात. अगदी खरोखरीच रानात. आठवड्यापूर्वी जिथं गुरं वाळकं गवत हुंगत फिरत होती त्या शेतात, बांधाच्या फुटक्या कोपऱ्यात, पायवाटेवरून वाहणाऱ्या वीतभर पाण्यात मासे दिसू लागतात. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, जिकडून पाणी येतंय तिकडे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडे वलगणीचे, कोल्हापूरकडे वळगणीचे. रात्री ओढ्याच्या काठाने बॅटऱ्या चमकू लागतात. कुणाच्या हातात पाग असतो, कुणाच्या हातात कोयता, पोरांच्या हातात नुसती टोपली. सकाळी घराघरांतून तिरफळाच्या कालवणाचा वास येतो.

ही सगळी धामधूम जेमतेम काही दिवसांची. मग पाणी गढूळ आणि मोठं होतं, लावणी सुरू होते, आणि मासे कुठे गेले ते कुणी विचारत नाही. पण ते आले कुठून, का आले आणि इतक्या नेमक्या वेळी कसे आले, हे पाहू लागलं की त्या वीतभर पाण्यात केवढी मोठी गोष्ट चाललेली असते ते कळतं.

मासे येतात ते खालच्या डोहांतून, कोकणातल्या बोलीत कोंडांतून. आपले बहुतेक ओढे बारमाही नाहीत. जानेवारीनंतर धार तुटते, एप्रिल-मेमध्ये ओढा म्हणजे गोट्यांची कोरडी वाट होते आणि मधे मधे खोल डोह तेवढे उरतात. सगळं जलजीवन त्या उरलेल्या पाण्यात दाटीवाटीनं उन्हाळा काढतं. वरून पाहणाऱ्याला तिथं काही घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात माशांच्या शरीरात तेव्हा फार मोठी तयारी चाललेली असते. दिवस मोठा होत जातो, पाणी तापत जातं, आणि त्या उबेवर मादीच्या पोटात गाभोळी भरू लागते. रोहूच्या एका मादीत शरीराच्या दर किलो वजनामागे दोन-तीन लाख अंडी असू शकतात. मेअखेरीला मासा तयार असतो, पण अंडी सोडत नाही. तो थांबतो.

कशासाठी थांबतो? पहिल्या लोंढ्यासाठी. पाऊस कोसळतो तेव्हा डोहात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. तापलेलं पाणी काही तासांत गार होतं. साचून जड झालेल्या पाण्यातले क्षार पातळ होतात. गढूळपणा येतो, प्राणवायू वाढतो, आणि कित्येक महिन्यांनी पाणी पुन्हा वाहू लागतं. या खुणा माशाच्या मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूच्या तळाशी असलेली काही मिलिग्रॅम वजनाची पियुषिका ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते. उन्हाळाभर रोखून धरलेली अंडी त्या संप्रेरकांनी शेवटच्या टप्प्याला जाऊन पक्व होतात.

या एवढ्याशा ग्रंथीनं भारताच्या मासेमारीचा इतिहास बदलला आहे. कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. तळ्यात सोडले तर वाढतात, लठ्ठ होतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, कारण त्यांना पूर लागतो. त्यामुळे मत्स्यशेतीसाठी लागणारं बीज पावसाळ्यात नदीतून गाळून आणावं लागे, आणि त्यात हवा तो मासा किती आणि नको तो किती याचा भरवसा नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पक्व माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क काढून तो कार्प जातीच्या माशांना टोचला, आणि बंदिस्त पाण्यात त्यांनी अंडी दिली. पुराचा निरोप चौधरींनी सुईतून पोचवला. आज महाराष्ट्रातल्या जलाशयांत आणि शेततळ्यांत जे मत्स्यजिरे, जी बोटुकली सोडली जाते तिचं मूळ त्या दिवसात आहे, म्हणून १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. चढणीचा मासा मात्र आजही पावसाच्याच सुईनं जागा होतो.

जागा झाला, आता त्याला वर जायचं आहे. गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात ‘वर’ कुठे हे कसं कळतं? माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. बाजारातल्या कुठल्याही रोहूवर ती पाहता येईल. ती नुसती रेघ नाही. खवल्यांमधल्या छिद्रांची ती ओळ आहे, आणि त्या छिद्रांखालच्या नळीत अतिशय नाजूक रोमपेशी असतात. पाण्याचा दाब जरा इकडचा तिकडे झाला की त्यांचे रोम वाकतात आणि माशाला प्रवाहाची दिशा, जोर, वाटेतला दगड, शेजारचा मासा हे सगळं अंगावर कळतं. आपल्या अंतर्कर्णातही अशाच रोमपेशी असतात. त्यांनी आपण ऐकतो, मासा त्यांनी वाहणं जाणतो.

वासाचाही हात असणार. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन, मातीतले सूक्ष्म जीव तो तयार करतात. युरोपातल्या अहिर माशाच्या पिल्लांवर १९९०च्या दशकात प्रयोग झाले तेव्हा ही पिल्लं जिओस्मिनच्या वासाकडे ओढली जातात असं दिसलं. ओल्या मातीच्या वासानं फक्त आपलंच मन हलत नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

आता एक मासा जवळून बघू. मळ्या. बोटापेक्षा थोडा मोठा, काळपट, पोटाकडे फिकट. वरून पाहिला तर त्यात विशेष काही नाही. पण ओल्या हातानं धरून उलटा केला की तोंड पुढे नसून खाली आहे हे दिसतं, आणि खालच्या ओठामागे मांसल अशी एक चकती दिसते. ही चकती दगडावर टेकवून तो स्वतःला चिकटवून घेतो. छातीचे पर आडवे, पसरट, तेही दगडाला घट्ट बसतात. पाणी वरून आदळत असताना मळ्या खडकाला धरून राहतो, जोर कमी झाला की अंगाला झटका देऊन चार बोटं वर सरकतो, पुन्हा धरतो. जिथं पाण्याची नुसती पातळ साय वाहत असते अशा उभ्या कातळावरूनही तो वर जातो. छोट्या धबधब्याशेजारी, मुख्य धारेपासून हातभर बाजूला, शेवाळलेल्या ओल्या दगडावर नजर स्थिर ठेवली तर काही वेळानं दगडाचाच एक तुकडा हलल्याचं जाणवतं. तो मळ्या.

शास्त्रात या माशाचं नाव ‘गारा मुल्ल्या’. मुंबई लष्करातले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधल्या माशांचा अभ्यास करून १८३९च्या सुमारास त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली, आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिन घाटात बसवली. कोळस, शिंगटी, मुऱ्या, खडशी ही सगळी त्यांच्या यादीत ओळखू येतात.

मळ्याबरोबर चढणीला इतर कितीतरी जण असतात. वाळूत मुरणारा मुऱ्या, मिशाळ शिंगटी, सापासारखी लांब वाम. आणि डोकऱ्या. हा मरळीचा धाकटा भाऊबंद, कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असलेला. तोंड वर काढून तो सरळ हवेतला श्वास घेतो, त्यामुळे ओल्या गवतातून सरपटत एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाणं त्याला जमतं. बापपण मात्र त्याहून थोर. मादीनं दिलेली अंडी नर तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळतो.

इतकी धडपड करून वर गाठायचं काय, तर भाताचं खाचर, नाहीतर माळावरचं उथळ तुंबलेलं पाणी. नदीत अंडी घातली तर पूर ती वाहून नेईल, मोठे मासे पिल्लं खातील. खाचरात पाणी संथ असतं, उबदार असतं, आणि मोठ्या माशाला तिथं यायला खोली पुरत नाही. शिवाय अन्न. सात-आठ महिने कोरड्या पडलेल्या मातीत पाणपिसवांसारख्या सूक्ष्म जीवांची टिकाऊ अंडी कणगीतल्या बियाण्यासारखी वाट पाहत पडून असतात. पाणी लागलं की ती उमलतात. शेणखत आणि कुजणारा पाला यांवर जीवाणू वाढतात, जीवाणूंवर हे सूक्ष्म जीव, आणि अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या तोंडात मावेल एवढ्याच आकाराचं अन्न त्याच्या भोवती तरंगत असतं. रोहूसारख्या माशाचं अंडं एका दिवसाच्या आत फुटतं. अन्न तयार असण्याची आणि पिल्लू जन्मण्याची वेळ जुळली पाहिजे, म्हणून पहिल्या लोंढ्यालाच चढायचं. आठवडाभर उशीर झाला तर खाचर इतरांनी भरलेलं असतं. पुढे पाऊस ओसरू लागला की बोटभर झालेली पिल्लं पाण्याबरोबर खाली उतरतात आणि डोहांत शिरतात. आपल्याला भात देणारं शेत तीन महिने नदीचं बाळंतघर झालेलं असतं.

याच्या अगदी उलट जाणारा एक प्रवासी आपल्या नद्यांत आहे. अहिर. तो वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात, कपारीत राहतो, हातभराहून मोठा होतो, आणि आयुष्यात एकदाच अंडी घालायला नदी सोडून खोल समुद्रात जातो. तिथंच मरतो. त्याची पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्लं समुद्राच्या प्रवाहांवर तरंगत किनाऱ्याला लागतात, खाडीत शिरेपर्यंत ती काचेच्या दोऱ्यासारखी गोल होतात, आणि मग तीही ओढ्यांची वाट धरून वर चढू लागतात. नदीकडे त्यांना न्यायला कुणी नसतं.

चढण टिकायची तर आधी उन्हाळा निभावला पाहिजे, म्हणजे डोह राहिले पाहिजेत. आपल्या जुन्या लोकांनी काही डोह देवाच्या नावावर राखून ठेवले आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनीचं देऊळ, आणि कोंडात खडशी, म्हणजे महासीर, हातभर लांब, जाड खवल्यांची. तिथं कुणी गळ टाकत नाही. भाविक लाह्या-कुरमुरे टाकतात आणि पाण्याचा रंग अचानक बदलावा तसे मासे वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच राखलेले मासे आहेत. उन्हाळ्यात सुरक्षित राहिलेले हे मोठे मासेच पावसाळ्यात आसपासचं पाणी पुन्हा भरतात. मत्स्यशास्त्रात ज्याला प्रजननसाठा राखणं म्हणतात, ते इथं नवसाच्या रूपानं चाललेलं आहे.

पण डोह राखून अर्धंच काम होतं. वाट मोकळी हवी. राष्ट्रीय नोंदवहीप्रमाणे महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणं आहेत, देशात सर्वांत जास्त. पावसाळ्यात कुठल्याही धरणाच्या सांडव्याखाली जा. पाण्यातून मासे उसळी मारताना दिसतात. लोक ते पाहून हरखतात, जाळी टाकतात. ती उसळी म्हणजे चढण आहे, भिंतीशी येऊन थांबलेली. या थांबलेल्या जागी वाढतो तो मासा पुराची वाट न पाहणारा. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण घालते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. उजनीच्या काठावर भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग का लागतात, याचं मोठं उत्तर इथं आहे.

मासे पकडण्याला माझा विरोध नाही. चढणीचं कालवण ही गावाची पावसाची पहिली चव आहे, आणि टोपली घेऊन ओढ्यात उतरलेलं पोर जे शिकतं ते पुस्तकात मिळत नाही. पण ओढ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळं बांधलं की मागे कुणीच जात नाही. आणि आता काही ठिकाणी तारा टाकून विजेचा झटका देतात, ब्लीचिंग पावडर ओततात. त्यात मळ्या जातो, पाणपिसू जाते, खेकडा जातो, अंडी जातात. ती मासेमारी नव्हे. चढणीच्या माशाची चव गाभोळीत आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच निदान पहिल्या एक-दोन रात्री मासा वर जाऊ द्यावा, खाली परतताना पकडावा.

धरण हलवता येणार नाही. मोरी हलवता येते. गावोगावी ओढ्यांवरून रस्ते जातात आणि खाली सिमेंटचे पाइप बसवलेले असतात. पाइपाचं खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून वर राहिलं की पाणी तिथून उडी घेतं, खाली खड्डा पाडतं, आणि दरवर्षी ती उडी मोठी होत जाते. हातभर उंचीवर लोंबकळणाऱ्या पाइपाच्या गुळगुळीत ओठाशी मळ्याची चकतीही चालत नाही, कारण चिकटायला खडकच नसतो. तोच पाइप तळापेक्षा थोडा खाली गाडून बसवला, तर त्यात आपोआप वाळू-गोटे साचतात, पाण्याचा वेग कमी होतो आणि मासा आरपार जातो. रस्त्याची कामं उन्हाळ्यात होतात, तेव्हा ओढा कोरडा असतो आणि इथून कुणी चढत असेल हे इंजिनिअरला दिसत नाही. गावातल्या माणसांना मात्र कुठल्या ओढ्याला कुठले मासे चढतात ते पाठ असतं. मोरीचं काम निघेल तेव्हा ते त्यांनी जागेवर उभं राहून दाखवावं.