नेसणे, बांधणे, घालणे : भोजनवेषाच्या परिभाषेचा विचार

जेवावयास कोणत्या वेषात बसावे हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो समाजरचनेचाही प्रश्न आहे. भोजन ही माणसे परस्परांस जवळ करण्याची, तशीच दूर ठेवण्याचीही जागा होय. म्हणून जेथे पंगत आहे तेथे वेषाचा नियम आहे, आणि जेथे नियम आहे तेथे त्याची परिभाषा आहे. मराठीत या परिभाषेचे तीन थर स्पष्ट दिसतात. प्रत्येक थराचे क्रियापद निराळे आहे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिला थर सोवळ्याचा. ‘सोवळे’ या शब्दाने वस्त्र आणि अवस्था या दोहोंचा बोध होतो. ‘सोवळे वाळत घातले’ या वाक्यात ते वस्त्र आहे. ‘ते सोवळ्यात आहेत’ यात सप्तमीने अवस्था दाखविली आहे. ‘सोवळ्याने स्वयंपाक केला’ यात तृतीयेने रीत सांगितली आहे. हे वस्त्र न शिवलेले असावे लागते. सुती असल्यास ते धुऊन, उंच वलणीवर काठीने टाकून, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा बेताने वाळवावयाचे. मुकटा, कद, पीतांबर ही रेशमी वस्त्रे आणि लोकरीची धाबळी यांना हा निर्बंध सौम्य असे. कोल्हारवरून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावरच पुढे येवले लागते. तेथील विणकरांच्या पैठणी व पीतांबर यांना मिळालेल्या मागणीत या आचाराचाही वाटा होता. सोवळे नेहमी ‘नेसतात’, कधी ‘घालत’ नाहीत. शिवलेला अंगरखा उतरवून ठेवल्यावाचून या पंगतीस बसता येत नसे. सारांश, येथे औपचारिकता वस्त्रे कमी करण्याने वाढते.

या शब्दाची दुसरी बाजू कठोर आहे. पुरुषाचे सोवळे तात्पुरते असते. भोजन वा पूजा आटोपली की ते सोडता येते. परंतु ‘सोवळी’ हे स्त्रीलिंगी रूप केशवपन केलेल्या विधवेचे वाचक झाले. तिची अवस्था सोडण्याजोगी नव्हती. लाल आलवण हाच तिचा आमरण वेष ठरला, आणि मंगल पंगतीतून तिला वगळण्यात आले. एकाच विशेषणाचा पुल्लिंगी प्रयोग अधिकार दाखवितो आणि स्त्रीलिंगी प्रयोग वंचना, हा केवळ व्याकरणाचा योगायोग नव्हे. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला व 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्यांचा झगडा ज्या रूढीशी होता, तिचा ठसा या शब्दावर उमटलेला आहे. जातींच्या निरनिराळ्या पंगतींचा आधारही हीच स्पर्शाची कल्पना होती.

दुसरा थर मानाचा. प्रवरेकाठच्या कोल्हारासारख्या गावी लग्नकार्यात किंवा गावजेवणात बसणारा शेतकरी सोवळे नेसत नाही. धोतर-सदरा अथवा पायजमा अंगावर असतो. पायताण तेवढे बाहेर राहते. येथे वेषाचा निर्णय पुष्कळसा यजमानाच्या हाती असतो. पाहुण्यांना फेटे ‘बांधले’ जातात, टॉवेल-टोपी देऊन सत्कार होतो. ‘नेसणे’ हे क्रियापद कर्त्याच्या स्वतःच्या शरीराशी निगडित आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ‘नेसवणे’ असे प्रयोजक रूप करावे लागते. ‘बांधणे’ मात्र सहज दुसऱ्याकडे वळते. शुचिता स्वतः सांभाळावयाची असते, मान दुसऱ्याने द्यावयाचा असतो. हा भेद क्रियापदांनी अचूक टिपला आहे.

तिसरा थर ‘घालणे’ या क्रियापदाचा, म्हणजे शिवलेल्या कपड्यांचा. त्याचे ठळक उदाहरण आगबोटीवरील रात्रीचे भोजन होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या बोटींच्या पहिल्या वर्गात सायंवेष आवश्यक मानला जाई. पहिल्या व शेवटच्या रात्री मात्र सूट असे, कारण त्या वेळी सामान उलगडावयाचे किंवा बांधावयाचे असे. येथे औपचारिकता वस्त्रे वाढविण्याने येते आणि तिचा संबंध शुचितेशी नसून वर्गाशी असतो.

दोन व्यवस्था एकमेकींस भिडल्या म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. 1883 मध्ये अमेरिकेस निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपला वेष व आहार बदलणार नाही असे जाहीर केले. 1888 मध्ये मुंबईहून विलायतेस गेलेल्या गांधींनी बोटीवर काळा सूट घातला. परंतु काट्याचमच्यांची सवय नसल्याने ते आपल्या खोलीतच जेवत. एकीने वेष राखून प्रवास केला. दुसऱ्याने वेष स्वीकारला, तरी पंगत टाळली. वेष बदलला म्हणजे भोजनाची सर्व व्यवस्था आपलीशी होते असे नाही, हे यातून दिसते.

आज क्रूझच्या सूचनापत्रकात ‘फॉर्मल’, ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे शब्द येतात, तेव्हा मराठी प्रवाशापुढे तिन्ही थर एकदम उभे राहतात. अशा सूचना बहुधा वेषाची किमान मर्यादा सांगतात, विशिष्ट पोशाखाची सक्ती करीत नाहीत. अनेक कंपन्या औपचारिक राष्ट्रीय वेषही मान्य करतात. त्यामुळे पैठणी किंवा बंद गळ्याचा कोट तेथे उणा ठरत नाही. ‘कॅज्युअल’ म्हणजे गबाळे नव्हे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. मात्र कोणत्याही भोजनवेषाची परीक्षा त्याच्या भरजरीपणावरून करू नये. तो कोणाला पंगतीत घेतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. ‘सोवळी’ या एका शब्दाचा इतिहास ध्यानी घेतल्यास ही कसोटी का हवी, हे निराळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही.