टेंपलचे धाडस आणि तिच्या आईचे

लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर सुरू झाला की एखादे पोर दोन्ही कानांत बोटे घालून किंचाळू लागते. आई त्याला उचलून बाहेर नेते. मागे कुजबुज सुरू होते. "लाडावून ठेवलाय." "वळणच नाही लावले." कुणी शहाणी सांगते, एकदा दाखवून आणा, बाहेरचे काहीतरी असेल. आईची मान खाली जाते आणि पुढच्या लग्नाला ती येतच नाही. असे पोर आणि अशी आई आपल्या वस्तीत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा वाचक विरळाच सापडेल.

अशा घरात पोचावे असे लहान मुलांचे एक चित्रमय पुस्तक आहे. 'द गर्ल हू थॉट इन पिक्चर्स' हे त्याचे नाव. म्हणजे चित्रांतून विचार करणारी मुलगी. ज्युलिया फिनली मोस्का यांनी ते यमक जुळवून लिहिले, चित्रे डॅनियल राइली यांनी काढली आणि २०१७ साली ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. घरातले आठवी-नववीचे लेकरू वाचून धाकट्यांना मराठीत सांगू शकते.

पुस्तकातली मुलगी खरी आहे. तिचे नाव टेंपल ग्रँडिन. नाव ऐकून दचकू नका, तिकडे मुलीला असेही नाव ठेवतात! २९ ऑगस्ट १९४७ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात ती जन्मली. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. कुणी जवळ घेतले की अंग ताठ करी. गोल फिरणाऱ्या वस्तूकडे तासन्‌तास पाहत बसे. खरखरीत कपडा तिला सोसत नसे आणि मोठा आवाज कानात सुईसारखा टोचे. याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांची पाहणी करून १९४३ साली त्याविषयी पहिल्यांदा सविस्तर लिहिले. टेंपल लहान असताना फार थोड्या डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक होती. तिच्या मेंदूला इजा आहे असे ठरले. तिला कायमचे संस्थेत ठेवावे असा सल्ला मिळाला आणि वडिलांचेही तेच मत पडले.

आई युस्टेशिया हिने ऐकले नाही.

त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. आई मायेला थंड असते म्हणून मूल असे होते, असे मोठमोठे विद्वान तेव्हा उघड म्हणत. ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ साली त्यावर पुस्तकच लिहिले. ते सारे खोटे ठरले. ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात गोष्ट आहे, तो आईच्या वागण्याने होत नाही. पण खोटे ठरेपर्यंत किती आयांनी स्वतःला दोष देत रात्री काढल्या असतील! आपल्या मांडवातली कुजबुज त्याच जातीची आहे, एवढेच की तिला विद्वानाची पदवी नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टेंपलचे घर पैशाने सधन होते. तिला बोलायला शिकवण्यासाठी खास शिक्षिका मिळाली, सांभाळायला घरी बाई ठेवता आली. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घराला हे कुठून परवडणार? पण ती बाई दिवसभर काय करी ते पाहा. मुलीला एकटी बसू देत नसे. पाळीपाळीने खेळायचे खेळ तिच्याशी खेळे. आधी तुझा डाव, मग माझा. जेवताना सर्वांसोबत बसवून घास कसा घ्यायचा, मागायचे कसे, हे शिकवी. यातल्या कशाला पैसे पडतात? सापशिडीचा पट आणि एक धीराचे माणूस लागते. मग ते माणूस आजी असेल, मोठी बहीण असेल, नाहीतर शेजारची काकू.

शाळेत पोरे टेंपलला चिडवत. चौदाव्या वर्षी एका मुलीने मतिमंद म्हणून हिणवले, तेव्हा हिने तिच्या अंगावर पुस्तक फेकले आणि शाळेतून नाव कमी झाले. पुढे सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या मळ्यावर ॲरिझोनाला जायची वेळ आली. नव्या जागेच्या भीतीने ती हादरली. आईने जबरदस्ती केली नाही आणि सूटही दिली नाही. दोन आठवडे राहा किंवा सारी सुट्टी राहा, निवड तुझी, पण जायचे. मुलगी गेली आणि तिथे रमली.

त्या मळ्यावर तिने पाहिले की लस टोचताना गाय एका पिंजऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरली की शांत होते. आपलीही भीती अशीच शमेल का? तिने स्वतःसाठी लाकडी फळ्यांचे तसले यंत्र बनवले. लोक हसले. विल्यम कारलॉक नावाचे विज्ञानाचे शिक्षक मात्र हसले नाहीत. हे यंत्र शांत का करते ते शोधून काढ, त्यासाठी शास्त्र शिकावे लागेल, असे त्यांनी तिला समजावले. एक शिक्षक काय करू शकतो पाहा!

पुढे गुरांच्या वाड्यांवर बाईमाणसाला कुणी उभे करीना. तिच्या मोटारीवर बैलांचे कापलेले अवयव टाकून ठेवले. तरी ती जात राहिली. गुरे ज्या वाटेने जातात त्या वाटेत ती स्वतः उतरली आणि गुरांच्या डोळ्यांनी पाहू लागली. कुंपणावर फडफडणारा कोट, लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, एवढ्यानेच जनावर बुजते हे तिला दिसले. ओरडणाऱ्या, काठ्या मारणाऱ्या पुरुषांना ते दिसले नव्हते. तिच्या आराखड्यांवर बनलेल्या यंत्रणेतून आज उत्तर अमेरिकेतली जवळजवळ निम्मी गुरे जातात. ती कत्तलखान्याकडेच जातात हेही मुलांपासून लपवू नये. मरणाऱ्या जनावराला निदान भीती आणि मार नको, असे डॉ. ग्रँडिन यांचे म्हणणे आहे. १९८९ साली त्या डॉक्टरेट झाल्या आणि कोलोराडोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

प्रत्येक मूल प्राध्यापक होणार नाही. काही मुले कधीच बोलत नाहीत, आणि त्यांच्या आयांना ही गोष्ट वाचून हुरहुर लागेल. पुस्तक झरझर पुढे जाते. यमकाच्या ओळींत आईच्या जागरणांना कितीशी जागा मिळणार? ते वाचणाऱ्याने आपल्याकडून भरावे.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते आहे. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला मिळाला की सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, बोलत नाही, असे दिसले तर अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका. आधी कान तपासा, मग सरकारी रुग्णालयात बालरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. दाखल्याची चौकशीही तिथेच करा.

आणि मांडवात पुढच्या वेळी कुणी पोर कानांत बोटे घालून रडू लागले, तर लाऊडस्पीकरवाल्याला आवाज जरा कमी करायला सांगा.