बंद पडलेल्या प्रोग्रामचा पंचनामा

वीरगळांच्या नोंदी ठेवण्यासाठी मी जो प्रोग्राम वापरतो तो २००४ सालचा आहे. एका मित्राने फावल्या वेळात लिहून दिलेला. मित्र आता हयात नाही आणि प्रोग्रामचा सोर्स कोड कोणाकडेच नाही. गाव, शिल्पपटांची संख्या, दगडाची मापे, तो अजून उभा आहे की कुणाच्या गोठ्याच्या पायात गेला, अशा वीस वर्षांच्या नोंदी त्यात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या, म्हणून मी विंडोज ११ वर गेलो. प्रोग्राम उघडला, यादी दिसली. ‘शोधा’ हे बटण दाबले आणि खिडकी नाहीशी झाली. ना संदेश, ना आवाज.

दुकानदार म्हणाला, “सर, जुनी सॉफ्टवेअर इलेव्हनवर चालत नाहीत. नवीन घ्या.” हे उत्तर अर्धेच खरे आहे. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिटी प्रोग्राम ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४-बिटीच असते. पण तसा प्रोग्राम मुळात उघडतच नाही. माझा उघडत होता, आणि दर वेळी एकाच जागी पडत होता. दर वेळी एकाच जागी अडखळणारा माणूस रस्त्यातल्या दगडाने अडखळत असतो. म्हातारपण हे त्याचे पुरेसे कारण नव्हे. कशालाही हात लावण्याआधी नोंदींच्या फाइलच्या दोन प्रती काढून ठेवल्या आणि तो दगड शोधायला बसलो.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक रोजनिशी असते. फारसे कुणी ती उघडत नाही. प्रोग्राम कोसळला की तिच्यात तीन उपयोगी गोष्टी लिहिल्या जातात : कोणता प्रोग्राम पडला, त्या क्षणी कोणत्या फाइलमधला कोड चालू होता, आणि अपघाताचा सांकेतिक क्रमांक. माझा क्रमांक होता ‘सी’, मग सहा शून्ये आणि शेवटी ५. जुन्या प्रोग्रामांच्या बाबतीत हाच सर्वाधिक भेटतो. अर्थ इतकाच, की आपल्या नसलेल्या मेमरीच्या पत्त्यावर प्रोग्रामने हात घातला आणि सिस्टीमने त्याला बाहेर काढले. फाइल होती एमएसव्हीसीआरटी.डीएलएल. ही विंडोजचीच फाइल. सी भाषेत लिहिलेले अनेक प्रोग्राम फाइल उघडणे, मजकूर लिहिणे अशी कामे तिच्याकडून करून घेतात.

इथे बहुतेक जण फसतात. विंडोजच्या फाइलचे नाव दिसले की विंडोज बिघडली असे समजून ती पुन्हा टाकायला निघतात. पण पंचनाम्यात प्रेत जिथे सापडले ती जागा लिहिलेली असते. खून तिथेच झाला असे नाही.

याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना एका खेळाचा आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा २००४ सालचाच, म्हणजे माझ्या प्रोग्रामचा समवयस्क. त्यात पाण्यावर उतरणारे ‘स्किमर’ नावाचे छोटे विमान आहे. विंडोज ११ ची ‘२४एच२’ ही आवृत्ती आल्यावर ते विमान खेळातून गायब झाले. मुद्दाम आणून त्यात बसले, तर खेळाडू थेट अवकाशात फेकला जाई. सगळ्यांनी अर्थातच नव्या विंडोजला दोष दिला. ‘सायलेंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने २०२५ मध्ये याचा तपास केला, तेव्हा दोष वीस वर्षांपूर्वीचा निघाला.

खेळातल्या वाहनांची माहिती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये आहे, एका ओळीत एक वाहन. विमानांच्या ओळीत चाकांच्या आकाराचे आकडे असतात. आधीच्या खेळात स्किमरची नोंद होडी म्हणून होती. सॅन अँड्रियासमध्ये तो विमान झाला, पण चाकांचे आकडे ओळीत घालायचे राहून गेले. ओळ वाचणाऱ्या कोडने आकडे मिळाले की नाही हे तपासले नाही, आणि त्यांची जागाही आधी कोरी केली नाही. मग इतकी वर्षे विमान उडाले कसे? प्रोग्राम तात्पुरते आकडे मेमरीच्या ज्या भागात मांडतो त्याला स्टॅक म्हणतात. तो शाळेतल्या फळ्यासारखा असतो. एका सरांचा तास संपला तरी फळा कुणी पुसत नाही. पुढचे सर त्यावरच लिहितात. स्किमरच्या आधी एका व्हॅनची ओळ वाचली जात असे. तिच्या चाकांचे आकडे फळ्यावर राहिलेले असत आणि स्किमर तेच आपले मानून घेई. नव्या विंडोजमध्ये कुलपांसारखे काम करणाऱ्या एका अंतर्गत फंक्शनची रचना बदलली आणि ते फळ्याची थोडी अधिक जागा वापरू लागले. व्हॅनचे आकडे पुसले गेले, त्या जागी भलतेच आले आणि विमान आकाशात गेले. विंडोजने कोणताही नियम मोडला नव्हता. स्टॅकवर मागे काय उरेल याचे वचन तिने कधीच कुणाला दिलेले नव्हते. त्या एका ओळीत आकडे भरले की विमान पुन्हा उडते.

मायक्रोसॉफ्टने मात्र अशा चुका कधीकाळी स्वतःच्या अंगावर घेतल्या आहेत. जोएल स्पोल्स्की यांनी सांगितलेली हकीकत अशी : ‘सिमसिटी’ हा खेळ मेमरी परत करून टाकल्यावरही तीच वापरत असे. डॉसमध्ये ते खपून गेले, विंडोज ९५ मध्ये खपणारे नव्हते. तेव्हा विंडोज ९५ मध्येच खास कोड घातला गेला, की सिमसिटी चालू आहे असे दिसले तर परत केलेली मेमरी लगेच दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दुकानात मिळणाऱ्या लोकप्रिय खेळासाठी हे होते. माझ्या मित्राने एकट्या माझ्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामसाठी कोण करणार?

तेव्हा पुन्हा माझ्या पंचनाम्याकडे. कंपॅटिबिलिटी मोड लावून पाहिला, फरक नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, तरी तेच. मग याच संगणकावर एक नवे, कोरे युजर अकाउंट काढले आणि तिथून प्रोग्राम चालवला. ‘शोधा’ निमूटपणे चालले! ही चाचणी फुकटची आणि पाच मिनिटांची आहे, मी ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती. तीच विंडोज, तोच प्रोग्राम, फक्त अकाउंट वेगळे. म्हणजे विंडोज ११ चा संबंधच संपला. नव्या अकाउंटचे नाव मी घाईत रोमन लिपीत ‘टेस्ट’ असे दिले होते. मुख्य अकाउंट पुतणीने काढले होते. “काका, तुमचं नाव मराठीतच टाकते हं,” असे म्हणून तिने ते देवनागरीत टाईप केले होते, आणि मला ते आवडलेही होते.

आता संशयित एकच उरला. मायक्रोसॉफ्टच्याच ‘प्रोसेस मॉनिटर’ या मोफत साधनात प्रोग्राम कोणती फाइल कधी उघडू पाहतो ते ओळीओळीने दिसते. ‘शोधा’ दाबल्यावर माझा प्रोग्राम सापडलेल्या नोंदी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायला जाई. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर युजरच्या नावाच्या फोल्डरच्या पोटात असतो. आणि जिथे माझे नाव हवे तिथे नुसती प्रश्नचिन्हे होती : ????

जुने प्रोग्राम अक्षरे ओळखतात ती २५६ खणांच्या एका कोष्टकातून. रशियनसाठी विंडोजमध्ये १२५१ क्रमांकाचे कोष्टक आहे, ग्रीकसाठी १२५३. देवनागरीसाठी असे कोष्टक त्या व्यवस्थेत दिलेच गेले नाही. मराठी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे जुन्या प्रोग्रामने युजरच्या फोल्डरचे नाव विचारले की कोष्टकात नसलेल्या प्रत्येक अक्षराला प्रश्नचिन्ह मिळते. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून फाइल उघडली नाही. ती उघडली का, हे माझ्या मित्राने तपासले नव्हते. त्याने न उघडलेल्या फाइलीत लिहायला सांगितले, एमएसव्हीसीआरटीने आज्ञा पाळली आणि तिथे प्रेत पडले. माझ्या आधीच्या सगळ्या संगणकांवर युजरचे नाव रोमन लिपीत होते, म्हणून ती चूक वीस वर्षे झाकून राहिली. प्रोग्रामच्या आतला मजकूर मराठीच आहे, पण तो जुन्या फॉन्टमधला : इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवलेली देवनागरी वळणे. आपल्या मराठीचा खरा पत्ता त्याला कधी माहीतच नव्हता.

विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये २०१८ पासून ‘यूटीएफ-८’चा एक चौकोन आहे, अजूनही ‘बीटा’ असे लिहिलेला. त्यावर खूण केली की अशी प्रश्नचिन्हे जातात. पण जुन्या फॉन्टमधला मजकूर ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो जपून वापरावा. १२७ च्या पुढचे खण त्याने वेगळ्या अर्थाने वाचले जातात आणि जुना मजकूर पडद्यावर विस्कटतो. अकाउंटचे नाव बदलूनही भागत नाही. दिसणारे नाव बदलते, फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. मी सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ नावाचा फोल्डर काढला आणि ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’मध्ये टेम्प व टीएमपी या दोन्ही नोंदी तिकडे वळवल्या. प्रोग्राम त्या दिवसापासून चालतो आहे. आता रोज थोड्या थोड्या नोंदी त्यातून बाहेर काढून युनिकोडमध्ये साध्या मजकूर-फाइलींत उतरवतो आहे. युजरचे नाव पुतणीने घातले तेच ठेवले आहे.