पेरणी कोणाची?



पेरणी-कापणीचा नियम (गलती. 6:7) आपण बहुधा दुसऱ्याला ऐकवायला वापरतो. मीही वापरला. गेल्या फेब्रुवारीत जव्हारकडच्या एका पाड्यावर, दारूपायी कर्जात बुडालेल्या एका बापाला मी चारचौघांत म्हणालो, “दादा, पेरलंत तेच उगवलं.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मुलीला वसतिगृहातून घरी नेले. माझ्या शब्दांचे पीक त्या लेकराला कापावे लागले.

मग तो अध्याय पुन्हा वाचला. पौल आरंभीच चुकलेल्याला सौम्यतेने सावरायला आणि एकमेकांची ओझी उचलायला सांगतो. नियम सांगून झाल्यावर लगेच चांगले करताना न थकण्याविषयी बोलतो, कारण कापणी आपल्या वेळी येते (वचन 9). ही ‘वेळ’ नागली पिकवणाऱ्या आमच्या बहिणींना समजावावी लागत नाही. राब भाजायचा उन्हाळ्यात, बी टाकायचे पहिल्या पावसात, आवणी आषाढात, दाणा दिवाळीच्या सुमारास. घरातले धान्य संपत आले तरी बियाण्याच्या गाडग्याला कोणी हात लावत नाही. (आपण मात्र एका भेटीत फळ मागतो!)

मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. “बस, भाऊ,” एवढेच तो म्हणाला. पुढे आवणीला त्यांच्यासोबत दोन दिवस वाकलो. मुलगी अजून वसतिगृहात परतलेली नाही. परवा मात्र तिने आपली वही आणून दाखवली. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा, बापाचीही.