पाऱ्याच्या तक्त्यातला एक इंच

शाळेच्या पुस्तकात बॉइलचा नियम एका ओळीत संपतो: तापमान तेच असेल तर दाब वाढेल त्या प्रमाणात वायूचे आकारमान घटते. रॉबर्ट बॉइलने 1662 साली ही मांडणी केली ती मात्र अख्खा तक्ता छापून. एका रकान्यात मोजलेला दाब, शेजारी गणिताने यायला हवा होता तो. कोंडलेली हवा मूळच्या पाव हिश्श्यावर आली तेव्हा गणिताचे उत्तर होते 116.5 इंच पारा. मोजून आले 117.5 इंचांहून किंचित जास्त. हा इंचभर फरक त्याने तसाच वाचकापुढे ठेवला. शिवाय दाब आणि आकारमानाच्या या नात्याचा तर्क आपला नव्हे, रिचर्ड टाउनलीचा, हेही त्याच पुस्तकात नोंदवले.

आयर्लंडमधल्या लिस्मोरच्या वाड्यात 1627 साली जन्मलेला बॉइल गडगंज अर्ल ऑफ कॉर्कचा मुलगा. पोटापाण्यासाठी कोणापुढे हुशारी मिरवण्याची त्याला गरज नव्हती. त्याच्या नम्रतेचे मोल ठरवताना हे विसरू नये. तरीही 1661 मध्ये त्याने न जमलेल्या प्रयोगांवर चक्क दोन निबंध लिहिले. विकत आणलेली द्रव्येच भेसळीची निघतात, एकदा साधलेले पुन्हा साधत नाही, अशी कारणे त्यात आहेत. त्याच वर्षीच्या ‘द स्केप्टिकल किमिस्ट’मुळे त्याचे नाव झाले, पण आजच्या संशोधकांनी आधी वाचावेत ते हे निबंध.

पौगंडावस्थेत जिनिव्हात एका रात्री विजांच्या कडकडाटाने तो हादरला आणि देवाकडे वळला. शंका मात्र पुढेही सुटल्या नाहीत. श्रद्धेचा पीळ त्याच्या विज्ञानात दिसतो तो 1686 च्या निसर्गविषयक पुस्तकात. ‘निसर्गाला पोकळी खपत नाही’ असे विद्वान सर्रास म्हणत. बॉइलचा आक्षेप असा, की निसर्ग ही काही आवडनिवड असलेली बाई नव्हे. सृष्टी स्ट्रासबर्गच्या प्रसिद्ध घड्याळासारखी आहे; निर्माता एकच, बाकी सारी चाकांची गती. देव मानल्यामुळेच निसर्गाला देवत्व द्यायला तो तयार नव्हता. शपथेच्या बाबतीतही तो असाच काटेकोर होता: 1680 मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले, ते त्याने शपथ घ्यावी लागेल म्हणून नाकारले.

या सचोटीला कोपरे होतेच. त्याच वर्षी फॉस्फरस बनवण्याची कृती त्याने मोहोरबंद करून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर उघडली गेली. हलक्या धातूचे सोने होते यावर त्याचा विश्वास होता आणि किमयेच्या कृती तो सांकेतिक भाषेत टिपून ठेवी. भट्टी फुंकणारे, वायुपंप ओढणारे बहुतेक मदतनीस त्याच्या पुस्तकांत निनावीच राहिले. रॉबर्ट हूकचे नाव आले, पण तो पुढे स्वतःच मोठा झाला. ज्या ईस्ट इंडिया कंपनीकडे 1668 साली मुंबई गेली, तिच्या संचालकांतही बॉइल बसला. 1677 मध्ये ऑक्सफर्डला छापलेल्या मलय भाषेतल्या शुभवर्तमानांना पैसाही त्याचाच.

डिसेंबर 1691 मध्ये, बहीण कॅथरिन गेल्यावर आठवडाभरात, तोही गेला. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्याने व्हावीत म्हणून त्याने मृत्युपत्रात वर्षाला 50 पौंड ठेवले होते. अट एकच: ख्रिस्ती पंथांचे आपसातले वाद तिथे उकरायचे नाहीत. पहिली व्याख्याने 1692 मध्ये रिचर्ड बेंटलीने दिली. मध्यंतरी खंड पडलेली ही परंपरा लंडनमध्ये 2004 पासून पुन्हा सुरू झाली.