अशक्याची सीमा आखणारा इचलकरंजीकर

हर्नडन हे व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतलं, डलस विमानतळाला खेटून वसलेलं छोटं गाव. जवळच ॲशबर्नची अवाढव्य डेटा सेंटर्स आहेत आणि इथल्या बऱ्याच मराठी घरांची चूल संगणकावर पेटते. या घरांमध्ये सुभाष खोत हे नाव माहीत असतं, पण ते बहुधा एकाच कारणासाठी: 1995 साली हा मुलगा जेईईत देशात पहिला आला होता. मुलांना थॉमस जेफरसन हायस्कूलच्या प्रवेशासाठी तयार करणाऱ्या पालकांना ते यश चटकन भावतं. माझ्या मते खोतांच्या आयुष्यातली ती सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

खोतांचा जन्म 1978 सालचा, इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि घोरपड्यांच्या जहागिरीचं हे ठाणं वस्त्रनगरी बनलं. आई डॉक्टर, शाळा व्यंकटराव हायस्कूल, माध्यम मराठी. कोचिंगच्या मोठ्या शहरांपासून दूर वाढलेल्या या मुलाने 1994 आणि 1995 अशी सलग दोन वर्षं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक मिळवलं. पुढे आयआयटी मुंबईतून 1999 मध्ये पदवी घेतली आणि संजीव अरोरा यांच्या हाताखाली पीएचडी करायला ते प्रिन्स्टनला गेले.

त्यांचं खरं काम इथून सुरू होतं, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं. काही प्रश्नांचं अचूक उत्तर झटपट काढण्याची रीत कुणालाही सापडलेली नाही, आणि ती मुळात नसावीच, असं 1970च्या दशकापासून बहुतेक संशोधक मानतात. मग व्यवहारात आपण जवळपासच्या उत्तरावर भागवतो. पण जवळ म्हणजे किती जवळ? समजा, एका जाळ्यातले बिंदू दोन गटांत असे वाटायचे आहेत की जास्तीत जास्त जोड एका गटातून दुसऱ्या गटात जावेत. गोमन्स आणि विल्यमसन यांनी 1990च्या दशकात दिलेली रीत सर्वोत्तम उत्तराच्या किमान 87.8 टक्के गाठण्याची हमी देते. यापुढे जाता येईल का, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

2002 साली, अजून विद्यार्थी असतानाच, खोतांनी एक शोधनिबंध मांडला. त्यात एक अनुमान होतं. एका जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूला रंग द्यायचा आहे. प्रत्येक जोडाचा आपला नियम असा, की एका टोकाचा रंग ठरला की दुसऱ्या टोकाला एकच रंग चालतो. सगळे नियम पाळणं शक्य असेल तर काम सोपं आहे: एका बिंदूचा रंग धरा, बाकीचे आपोआप ठरत जातात; जमलं नाही तर पुढचा रंग धरून बघा. पण 1 टक्का नियम मोडावेच लागत असतील तर? खोत म्हणाले, रंग पुरेसे जास्त असतील, तर 99 टक्के नियम पाळणारी रंगरचना अस्तित्वात असूनही 1 टक्का नियम पाळणारी शोधणंसुद्धा संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. ‘युनिक गेम्स’ अनुमान म्हणतात ते हेच.

सुरुवातीला हा एका कोपऱ्यातला तांत्रिक प्रश्न वाटला. मग एकेक कुलूप उघडत गेलं. 2004 मध्ये खोत, किंडलर, मोसेल आणि ओडॉनेल यांनी दाखवलं की अनुमान खरं असेल तर 87.8 टक्क्यांच्या पुढे जाणारी झटपट रीत असूच शकत नाही. त्या विचित्र आकड्याला पहिल्यांदाच अर्थ आला. 2008 मध्ये प्रसाद राघवेंद्र यांनी तर अटी पाळण्याच्या अशा प्रश्नांच्या एका मोठ्या कुळासाठी सीमा कुठे आहे, हे एकाच सूत्रात बांधलं. आणि हे सगळं अजून सिद्ध न झालेल्या विधानाच्या पायावर!

पाया डळमळलाही. 2010 मध्ये खुद्द गुरू संजीव अरोरा यांनी बराक आणि स्टॉयरर यांच्यासह याच प्रश्नावर अपेक्षेपेक्षा वेगवान रीत शोधली. अनुमान खोटं ठरलं नाही, पण शंका बळावली. गुरूने शिष्याच्या विधानावर असा घाव घालावा, हे मला या क्षेत्राच्या निकोपपणाचं लक्षण वाटतं.

खोत दरम्यान जॉर्जिया टेकमध्ये शिकवून 2007 पासून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कुरांट इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. 2014 च्या ऑगस्टमध्ये सोल इथल्या गणित परिषदेत त्यांना नेवानलिना पुरस्कार मिळाला. त्याच समारंभात मंजुल भार्गव आणि मरियम मिर्झाखानी यांना फील्ड्स पदक दिलं गेलं. 2016 मध्ये मॅकार्थर फेलोशिप आणि 2017 मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आलं. पण मानसन्मानांपेक्षा 2018 हे साल मला मोठं वाटतं. त्या वर्षी खोत, डोर मिंझर आणि मुली सफ्रा यांनी एक जवळचं अनुमान सिद्ध केलं. ज्या जाळ्यात साधारण निम्मे नियम पाळता येतात आणि ज्यात अगदी नगण्य पाळता येतात, त्यांतला फरक ओळखणंही अवघड आहे, हे त्यातून पक्कं झालं. मूळ अनुमानाच्या दिशेने निम्मी वाट सरली, असं अनेक जाणकार मानतात.

आपल्याकडे उत्तर देणाऱ्याचं कौतुक होतं. जेईईचा पहिला क्रमांक म्हणजे दुसऱ्यांनी घातलेल्या प्रश्नांची ठरलेल्या वेळात दिलेली उत्तरं. खोतांचं नाव राहील ते त्यांनी स्वतः घातलेल्या प्रश्नामुळे. योग्य जागी नेमका प्रश्न रोवणं ही सिद्धतेइतकीच मोठी निर्मिती आहे.

दहावीपर्यंत मराठीत गणित शिकलेल्या या माणसाचं काम इचलकरंजीच्या आजच्या नववीतल्या मुलीला मराठीतून कळायला हवं. त्यात रंग आहेत, जाळी आहेत, टक्केवारी आहे. तिला न झेपणारं त्यात काही नाही. मराठी विज्ञान परिषदेने आणि अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी मिळून अशी पुस्तिका काढावी, आणि वाचकांपैकी ज्यांना हा विषय येतो त्यांनी ती लिहायला पुढे यावं.