आरमार कुणाच्या बळावर लढतं? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

उंबरखिंड खालापूर तालुक्यातली, त्यामुळे तिथली लढाई इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरायला निघाला आणि शिवाजी महाराजांनी त्याला अशा जागी गाठलं, की त्या फौजेचा आकारच तिच्या मुळावर आला. जमिनीवरच्या लढाईत संख्येपेक्षा जागा आणि नेता महत्त्वाचा, हे आपल्याला लगेच पटतं. लढाई समुद्रावरची असली, की मात्र आपण जहाजं आणि तोफा मोजत बसतो.

गैरसमज १ : आरमार ही किनाऱ्याची गोष्ट. कर्जत-खालापूरचा त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : राजमाचीच्या डोंगराखाली उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून कल्याणला जाते. स्वराज्याची पहिली जहाजं त्याच कल्याण-भिवंडीच्या खाडीवर बांधली गेली. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते आणि ती खाडी मुंबई बंदराच्या तोंडाशी उघडते. तिथून थोडं दक्षिणेला, थळच्या समोर, खांदेरी आहे. १७१३ मध्ये तर खुद्द राजमाचीच काही काळ कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात होती. कुलाब्याला बसून आरमार चालवणाऱ्या माणसाला घाटाच्या वाटेवरचा किल्ला का हवा होता? कारण आरमाराचं धान्य, दारूगोळा, पैसा आणि माणसं जमिनीवरून येतात. घाट ज्याच्या हातात, त्याची रसद सुरक्षित.

आजचा संबंध तर त्याहून जवळचा आहे. खोपोलीहून बोरघाट चढला, की लोणावळ्याला भारतीय नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था आहे. १९४५ पासून इथे युद्धनौकांची यंत्रं सांभाळणारी माणसं तयार होतात.

गैरसमज २ : ज्याच्याकडे मोठी जहाजं आणि जास्त तोफा, त्याचाच विजय.

वस्तुस्थिती : यावर १८ ऑक्टोबर १६७९ या एका सकाळचा दाखला पुरेसा आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचं काम काढलं होतं. मुंबईच्या इंग्रजांनी ते बंद पाडण्यासाठी बेटाला वेढा घातला. त्यांच्याकडे ‘रिव्हेंज’ नावाची फ्रिगेट, दोन गुराबा आणि काही शिबाडं-मचवे होते. अठरा तारखेला पहाटे मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबतं नागावच्या बाजूने वल्ही मारत आली. संख्या पन्नासच्या घरात. वारा इंग्रजांना साथ देत नव्हता, त्यामुळे शिडांवर विसंबलेली त्यांची जहाजं नांगर उचलून सज्ज होईपर्यंत मराठी गलबतं अंगावर येऊन ठेपली.

पुढे जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ‘डव्ह’ नावाच्या इंग्रज गुराबेने फारसा प्रतिकार न करताच निशाण उतरवलं आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. लहान जहाजं लांबच राहिली. एकटी ‘रिव्हेंज’ जागेवर टिकली. तिच्यावर विल्यम मिंचिन आणि रिचर्ड केग्विन होते. यातल्या केग्विनने १६७३ मध्ये सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेणाऱ्या मोहिमेत भाग घेतला होता. शत्रूला जवळ येऊ देऊन तोफा डागायच्या, हे त्याला ठाऊक होतं. पाच गलबतं बुडवल्याचा दावा इंग्रजी नोंदींत आहे. अखेर मराठी आरमार नागावच्या उथळ पाण्यात परतलं.

ताफा एकच, शत्रू एकच, वाराही सर्वांना तोच. तरी एक जहाज शरण गेलं आणि दुसऱ्याने पन्नास गलबतं परतवली. तोफांच्या आकड्यांनी हा सगळा फरक उलगडत नाही. जहाजावरची माणसं कोण आणि त्यांचा पुढारी कोण, हे विचारावंच लागतं.

गैरसमज ३ : माघार घेतली म्हणजे हरले.

वस्तुस्थिती : त्या सकाळी मैदान ‘रिव्हेंज’ने मारलं, पण मोहीम इंग्रजांना साधली नाही. त्यांचा हेतू खांदेरीची रसद तोडण्याचा होता. खोल बुडाच्या जहाजांना किनाऱ्यालगत पाठलाग करता येत नव्हता. हलकी गलबतं रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोचवत राहिली. नोव्हेंबरमध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी खांदेरी पडली नाही. शेवटी इंग्रजांनी वेढा उठवला आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वारा अनुकूल नसेल तर हट्टाने झुंजू नये, जहाजं आपल्या जंजिऱ्याच्या, म्हणजे सागरी किल्ल्याच्या, आश्रयाला आणावीत, असा त्याचा आशय आहे. शत्रू कौल मागू लागला तरी एकदम त्याच्या जवळ जाऊ नये, अशीही ताकीद त्यात आहे. हे नियम अनुभवातून आलेले दिसतात. कुठे लढायचं हे सरदाराला कळलं पाहिजे, तसं कुठे लढायचं नाही हेही कळलं पाहिजे.

गैरसमज ४ : कोळी-भंडारी जन्मजात दर्यावर्दी. त्यांना वेगळं शिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : भरती-ओहोटी, खडक, वाऱ्याची चाहूल हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं आणि त्यावाचून आरमार उभंच राहिलं नसतं. पण मासेमारी वेगळी आणि लढाई वेगळी. हलत्या गलबतावरून तोफ डागताना लाट गलबताला केव्हा उचलते आणि केव्हा खाली नेते, हे गोलंदाजाला जोखावं लागतं. क्षणभर उशीर झाला तर गोळा पाण्यात पडतो, नाही तर डोलकाठीच्या वरून जातो. डझनावारी वल्ही एका तालात पडली नाहीत तर वेग येत नाही. दारू कोरडी ठेवणं, शत्रूच्या जहाजावर चढण्याआधी गलबत योग्य बाजूने भिडवणं, तांडेलाचा हुकूम गोंगाटातही ओळखणं, ही सगळी सवयीची कामं आहेत आणि सवय सरावानेच लागते.

म्हणूनच सुरुवातीला महाराजांनी बाहेरचे जाणकारही नेमले. १६५९ मध्ये कल्याणला जहाजं बांधण्याच्या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज होता. ही जहाजं उद्या आपल्यावरच चालून येतील, हे वसईच्या पोर्तुगीजांनी हेरलं. त्यांनी आपल्या माणसांना फितवून तिथून काढून नेलं. काम थांबलं नाही, पण कसबी माणूस किती मोलाचा असतो हे दोन्ही बाजूंना कळलं होतं.

पोटाचा प्रश्नही यातच येतो. आरमाराचा खर्च बंदराच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर न टाकता सरकारातून नेमून द्यावा, असं आज्ञापत्र सांगतं. पद्मदुर्गाच्या कामावरच्या आरमाराला रसद आणि पैसा पोचवण्यात हयगय केली, म्हणून प्रभावळीच्या जिवाजी विनायक या सुभेदाराला महाराजांनी खरमरीत पत्र लिहिलं होतं. पगार थकला की खलाशी पांगतात, आणि नव्या माणसांना घेऊन सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

गैरसमज ५ : सेनापती अनुभवी असला की विजय ठरलेला.

वस्तुस्थिती : अनुभव कुठला, हे आधी पाहावं लागतं. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाब्यावर चालून आले. इंग्रज राजाच्या चार युद्धनौकांचा प्रमुख कमोडोर थॉमस मॅथ्यूज होता. तीनच वर्षांपूर्वी सिसिलीजवळच्या केप पासारोच्या लढाईत तो एका युद्धनौकेचा कॅप्टन होता. खोल समुद्रातल्या लढाईचा अनुभव त्याच्याकडे भरपूर होता. इथे मात्र दोन देशांच्या फौजा किनाऱ्यावर उतरवून, एकमेकींशी मेळ घालून किल्ला घ्यायचा होता. तो मेळ बसला नाही. मराठा घोडदळाच्या रेट्यापुढे पोर्तुगीज फळी मोडली आणि इंग्रजांनाही मागे फिरावं लागलं. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत भाला घुसला. बाजीराव पेशवे कान्होजींच्या मदतीला आले होते. पोर्तुगीजांनी पुढे इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी तह केला.

उलट बाजूचा धडा १७५६ मधला. इंग्रजांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार भर समुद्रात हरवलं, असं अनेकांना वाटतं. तशी लढाई झालीच नाही. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले तेव्हा आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आश्रयाने एकत्र बांधून ठेवलेली होती. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज इंग्रजांच्या सोबतीला होती आणि तुळाजी स्वतः बोलणी करण्यासाठी तिच्या छावणीत गेले होते. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती पसरत गेली आणि ताफा जळून खाक झाला. जहाजं होती, खलाशीही होते, पण त्यांना नांगर उचलायला लावणारा सेनानी तिथे नव्हता.

गैरसमज ६ : आता क्षेपणास्त्रांचं युग आहे, माणसाचं कसब दुय्यम.

वस्तुस्थिती : ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या होत्या. त्यांचा पल्ला कराचीपर्यंतच्या हल्ल्याला पुरेसा नव्हता. त्यांना दुसऱ्या जहाजांनी ओढून पुढे नेण्याची कल्पना नौदलाने काढली आणि सराव करून ती साधली. त्यांवरच्या माणसांचं शिक्षण सोव्हिएत रशियात झालं होतं. मोहिमेत बिनतारी बोलणं रशियन भाषेत ठेवता आलं, ते त्यामुळेच. क्षेपणास्त्र सोव्हिएत बनावटीचं असलं, तरी बेत आपल्या माणसांचा होता.

जहाजाला मार बसल्यावर तर सगळी मदार माणसावरच असते. फुटलेल्या भागातून पाणी आत येतं, धूर कोंडतो, दिवे जातात. अशा वेळी कुठली झडप बंद करायची, कुठे टेकू लावायचा, हे आठवत बसायला सवड नसते. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त जहाजाच्या कप्प्यासारख्या हलत्या खोलीत पाण्याचे लोट सोडून नौसैनिकांकडून हीच कामं करून घेतली जातात. तिथे चुकलं तर पुन्हा करता येतं, समुद्रात तशी सोय नाही.

मग लढाईचं वर्णन वाचताना काय विचारावं? तोफांचा आकडा जरूर पाहावा, पण तिथे थांबू नये. वल्ही आणि तोफा चालवणारे हात किती सरावलेले होते? त्यांचा पगार आणि रसद वेळेवर येत होती का? सरदाराला तेच पाणी आणि तोच वारा ओळखीचा होता का, की त्याचा अनुभव दुसऱ्याच समुद्रातला होता? आणि लढाईचा हेतू काय होता, तो शेवटी कुणाला साधला? खांदेरीला हा शेवटचा प्रश्न विचारला, की १८ ऑक्टोबरची लढाई इंग्रजांनी मारली आणि बेट मराठ्यांनी राखलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी ठरतात.